पुढल्या भरतीच्या आत : पेण, रोहा आणि एक गादा

कोकणात जायचं म्हटलं की पुण्याची माणसं समुद्राकडे धाव घेतात. पेणला चहापुरतं उतरतात, पापड घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. रोह्याचं नाव तर फक्त रेल्वेच्या वेळापत्रकात वाचतात. मीही त्यातलाच. या थंडीत मात्र चार दिवस मी पेण आणि रोहा एवढंच फिरून आलो, आणि गेलो होतो चिखल गोळा करायला.

कल्पना माझी नव्हे. मृणाल माझी भाची. मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात खाड्यांचा चिखल बरण्यांत भरते. तिच्या मदतनीस मुलीला कावीळ झाली, तेव्हा तिनं मला फोन केला. मामा, चार दिवस काही काम आहे का तुला, असं विचारलं. संस्कृत शिकवून निवृत्ती घेतलेल्या आणि आठवड्याला एक सदर लिहिणाऱ्या माणसाला काम नसणार, हे प्रश्नातच गृहीत होतं. अटी तीन होत्या : बरण्या धरायच्या, पिशव्या उचलायच्या, मध्ये बोलायचं नाही. पहिल्या दोन मी लगेच मान्य केल्या.

तुम्हाला जायचं असेल तर स्वारगेटहून सकाळची अलिबाग गाडी घ्या आणि डाव्या बाजूची खिडकी पकडा. बोरघाट उतरताना दरी त्याच बाजूला असते, निदान मला तरी सगळा वेळ ती तिथंच दिसली. खोपोलीला गाडी दहा मिनिटं थांबते, कंडक्टर त्याला पाच म्हणतो. जेवणाच्या वेळेला पेण येतं. स्टँडच्या मागच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मिळालं. वीस रुपयांत इतकं चांगलं बिरडं मी पुण्यात कुठल्याही भावाला खाल्लेलं नाही. मृणाल मुंबईहून आधीच येऊन बसली होती. शेजारी थर्मोकोलची पेटी, काचेच्या बरण्या, ॲल्युमिनियमच्या कागदाची गुंडाळी. खानावळवाल्यानं ती केटरिंगची बाई आहे असं समजून तिला लग्नाचे दर विचारले होते.

दुपार मोकळी होती म्हणून जोह्याला गेलो. पेणहून बस आहे, शिवाय सहा आसनी रिक्षात दहा माणसं बसतात. गावात शिरलं की घराघरातून गणपती. ओसरीवर, माळ्यावर, गोठ्यात, अंगणातल्या मांडवाखाली. सगळे पांढरे, सगळे अजून डोळे न उघडलेले. भाताची कापणी झालेली शेतं मागे पिवळी पडलेली आणि त्यांच्या कडेला हे शेकडो देव उन्हात वाळत बसलेले. एक कारागीर म्हणाला की डोळे शेवटी, आणि ते सगळ्यांच्या हातचं काम नाही. मी देवाधर्माची पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत. पण इतके देव एकदम माझ्याकडे न बघता बसलेले पाहून गप्प झालो. मृणालनं ही गोष्ट वहीत टिपून ठेवली, म्हणाली.

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर चहा घेताना तिनं मला तिचं काम समजावलं. ते इथं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

खाडीत येणाऱ्या डॉल्फिनला इकडचे लोक गादा म्हणतात. मासा म्हणतात, पण तो मासा नव्हे. वर येऊन श्वास घेतो, पोराला जन्म देतो, दूध पाजतो. शेतात फवारलेली, मच्छर मारायला मारलेली, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली काही द्रव्यं अशी असतात की ती कुजत नाहीत, विरघळून जात नाहीत. पावसानं धुऊन खाडीत येतात. चिखलातून किड्यात, किड्यातून कोळंबीत, कोळंबीतून बोयट नावाच्या माशात, बोयटातून गाद्यात. दर पायरीला ती दाट होत जातात आणि चरबीत मुक्काम ठोकतात. गाद्याच्या अंगाला तर थंडीसाठी चरबीची रजईच असते.

"आणि तिथं नुसती बसून राहत नाहीत," मृणाल म्हणाली. शरीरात ग्रंथींची जी संप्रेरकं फिरतात, ती किल्लीसारखी असतात. ठरावीक कुलपात बसली की वाढ, वीण, अंगातली ऊब, सगळं वेळच्या वेळी सुरू होतं, वेळच्या वेळी थांबतं. ही परकी द्रव्यं बनावट किल्लीसारखी त्याच कुलपात जाऊन बसतात. काही फिरतात, काही नुसती अडकून पडतात. परदेशातल्या थंड समुद्रांत असं दिसलंय की नराच्या चरबीत हे विष जितकं जास्त, तितकं त्याच्या रक्तातलं नरपणाचं संप्रेरक कमी. काही ठिकाणी सीलच्या माद्यांना पिल्लंच होईनाशी झाली. आपल्या खाड्यांचं काय, कुणाला ठाऊक नाही. कुणी पाहिलेलंच नाही.

मी विचारलं की मादीचं काय होतं. ती मग म्हणाली की नर ते आयुष्यभर साठवत जातो. मादी मात्र हलकी होते. कशी, तर पोराला पाजताना. चरबीचं दूध होतं आणि दुधाबरोबर साठलेलं निघून जातं. आईनं जन्मभर जे गोळा केलं त्याचा मोठा वाटा पहिल्या पिलाला मिळतो.

मी चहाचा कप खाली ठेवला. संप्रेरक हा शब्द मी विद्यार्थ्यांना विग्रह करून दाखवत आलो होतो. तो कशाचं नाव आहे, हे मला त्या गच्चीवर कळलं.

तिची अडचण एकच होती आणि ती तीन वर्षांची होती. तिला ताजा गादा मिळत नव्हता. जे किनाऱ्याला लागत ते सडलेले. चिखल झाला, कोळंबी झाली, बोयटं झाली. शेवटची पायरी रिकामी. तिच्या मार्गदर्शकांनी सांगून टाकलं होतं की या मार्चपर्यंत नमुना मिळाला नाही तर विषय बदल, कोळंबीवर प्रबंध लिही. खाडीकाठच्या गावांतून तिनं ओळखी करून ठेवल्या होत्या, गादा लागला तर कळवा म्हणून. या फेरीत लॉजचा फोन नंबर दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या गाडीनं रोह्याला निघालो. नागोठण्यापर्यंत मुंबई-गोवा रस्ता आहे; म्हणजे खड्डे राष्ट्रीय दर्जाचे आहेत. धुक्यातून अंबा नदी दिसली. पलीकडे कंपनीचे मनोरे आणि वर एक ज्योत, दिवसाढवळ्या पेटलेली. गाडीत शिफ्टचे लोक चढले, डबे मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपले आणि फाट्यावर न उठवता जागे झाले. ही विद्या कुठल्याही पाठशाळेत शिकवत नाहीत.

रोहा मला आवडलं. कुंडलिका गावाला अगदी बिलगून वाहते, बाजारपेठ अरुंद आणि बोलकी आहे, आणि मिसळ विचारल्यावर "तिखट चालंल का" असं माझ्याकडे बघून आणि मृणालकडे न बघता विचारलं जातं. आम्ही पुलाखाली उतरलो. ती गुडघाभर चिखलात, मी काठावर बरण्या धरून. चिखल घ्यायचा तो स्टीलच्या चमच्यानं, भरायचा काचेत, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद. प्लॅस्टिक अजिबात नको, कारण त्यातूनच काहीबाही उतरतं आणि यंत्र ते पकडतं. तिचं यंत्र इतकं हळवं आहे की स्वच्छ बोटाचा स्पर्शही त्याला खुपतो. अशी माणसं माझ्या नात्यात आहेत, असं मी म्हणालो. तिसरी अट तिथं मोडली.

अकराच्या सुमारास तिनं ठरल्याप्रमाणे एसटीडी बूथवरून लॉजला फोन लावला. काचेच्या दाराआडून मला तिची पाठ दिसत होती. ती एकदम ताठ झाली. बाहेर आली तेव्हा उरलेले सुटे पैसे घ्यायचेही विसरली.

पहाटेच्या भरतीबरोबर पेणच्या खाडीकाठच्या एका गावाला गादा लागला होता. ताजा. मिठागरावर काम करणाऱ्या महादूनं निरोप ठेवला होता : ताईला सांगा, येस्तवर नीट सांभाळून ठेवतो, पण अंधाराच्या आत या.

अंधाराच्या आत का, ते मृणालनं गाडीत सांगितलं. त्या गावात गाद्याला कोणी कापत नाही, खात नाही. पाण्यातलं माणूस, असं मानतात. लागला की काठावरची सगळ्यांत वयस्कर बाई त्याला हळदकुंकू लावते, नारळ ठेवते आणि पुढली भरती त्याच्यापर्यंत चढायच्या आत त्याला मातीत द्यायचं असतं. अष्टमी होती, भरती दिवेलागणीला. परतीची गाडी नागोठण्याला पाऊण तास उभी राहिली. मृणाल घड्याळाकडे बघत नव्हती, फक्त पेटी धरून होती.

पेणला मासळी बाजारातून बर्फ घेतला, रिक्षा ठरवली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही तिकडे गाडी भरून जावं असं मला वाटत नाही. रस्ता मिठागरांमधून जातो. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, त्यात आकाश, मध्ये मिठाचे शुभ्र ढीग, एका पायावर उभे बगळे. अडीच वाजले होते. बांधाच्या टोकाशी वीसेक माणसं दिसली.

महादू तिशीचा, काळासावळा, अंगात कंपनीच्या जुन्या ड्रेसचा शर्ट. आम्हाला बघून धावत आला. तो इतका खूश होता की पेटी माझ्या हातातून त्यानं ओढूनच घेतली.

गादा गोणपाटाखाली होता. त्यानं गोणपाट दूर केलं आणि मी पहिल्यांदा गादा पाहिला. माझ्याहून दीडपट लांब. पाठीवर बुटकी मदार, पुढे लांब चोच, ओठांच्या कडेला थोडा गुलाबी रंग. त्वचा नव्या ट्यूबसारखी ताणलेली, गुळगुळीत; कुशीवर मात्र एक हातभर फाटलेलं, होडीच्या पंख्यानं असावं. आणि तोंडाची ठेवण अशी की मेल्यावरही तो आपल्यालाच काही मजेचं सांगतो आहे असं वाटावं. सूक्तं, स्तोत्रं, वर्णनं, समुद्राचं मी काय थोडं वाचलंय? त्यात हे नव्हतं.

मग मला त्याच्या अंगावरचं पांढरं दिसलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि त्या जखमेत तर बोटानं चोळून भरलेलं. मला वाटलं मीठ.

"एक मुंगी लागू दिली नाय, ताई," महादू म्हणाला. "सुकटाला मारतो ती पावडर. अख्खा डबा."

मृणालनं डबा हातात घेतला. वास घेतला. मग ती बांधावर बसली.

ती डीडीटी होती. तीन वर्षं तिनं जी गाद्याच्या चरबीत शोधायची ठरवली होती, नेमकी ती. खळ्यावर जवळा सुकवताना माश्या बसू नयेत म्हणून इकडे थोडी भुरभुरतात; मलेरियाचे फवारणीवाले जाताना शिल्लक ठेवून जातात, बाजारातही मिळते. कोळ्याच्या, मिठागरवाल्याच्या घरात जपून ठेवायची वस्तू म्हटलं की पावडर आलीच. आणि आज महादूला गावातली सगळ्यांत मोलाची वस्तू जपायची होती.

मी महादूला बाजूला नेऊन सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. त्याला समजलं. चेहऱ्यावरून समजलं हे मला दिसलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. तो खाडीत उतरला आणि कपड्यांसकट अंग घासून धुवायला लागला.

मृणाल थोड्या वेळानं उठली. हात स्पिरिटनं धुतले, गाद्याच्या पोटावर ठेवले, हळूहळू मागे सरकवले. मग पुन्हा. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नाव देऊन सांगता येणार नाही.

"मामा, हिच्या पोटात पिल्लू आहे. पुऱ्या दिवसांचं."

तोवर मागे एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली होती. महादूची आई, जनाआजी. तीच ती वयस्कर बाई. तिच्याजवळ महादूची बायको सुगंधा, कडेवर चार महिन्यांचं बाळ. जनाआजीनं सांगितलं की ते तिला सकाळीच कळलं होतं. म्हणूनच तिनं नुसतं हळदकुंकू न लावता ओटी भरली होती. खरंच, शेपटीशी तांदूळ होते आणि खण होता.

मृणालनं मला भराभर समजावलं. आईची चरबी वाया गेली, जखमेतून आत किती गेलं सांगता येणार नाही. पण पिल्लू अजून त्याच्या पिशवीत आहे, पाण्यात. त्याला पावडर लागलेली नाही, वारा लागलेला नाही. त्यानं आयुष्यात एक मासा खाल्लेला नाही. त्याच्यात जे सापडेल ते फक्त आईकडून आलेलं असेल. शिवाय त्याच्या मानेतली ग्रंथी, अंगाची ऊब आणि वाढ सांभाळणारी. ती इतकी कोवळी कोणाला बघायला मिळत नाही. फक्त पोट उघडावं लागेल.

जनाआजी म्हणाली, नाय. तिच्या स्वरात राग नव्हता. पाणी वर चढतंय असं सांगावं तसं तिनं सांगितलं. भरल्या ओटीच्या बाईला सुरी लावायची नाय.

इथं मी मध्ये बोललो. अंत्यविधीच्या जुन्या ग्रंथांत स्पष्ट आहे की गर्भिणी गेली तर पोट उघडून मूल वेगळं करावं, त्याला वेगळी माती द्यावी. मी ते आजीला सांगितलं. कोणत्या ग्रंथात, तेही सांगितलं. गाव ऐकत होता. आपण योग्य वेळी योग्य ते बोललो, असं समाधान आयुष्यात फार वेळा मिळत नाही.

"मास्तर," जनाआजी म्हणाली, "तुज्या पोथीत गाद्याचं लिवलंय?"

"नाही."

"मग मिटव."

कोणीतरी हसलं. मी पोथी मिटवली. पाणी बांधाच्या पहिल्या दगडाला लागलं होतं.

आता सुगंधा पुढे झाली. ती मृणालजवळ गेली आणि तिनं डब्याकडे बोट करून विचारलं की ही पावडर या गादीच्या, म्हणजे मादी गाद्याच्या, अंगात आधीच होती, असं तुमचं म्हणणं ना. मृणाल म्हणाली, हो. कुठनं आली? खाडीतनं, माशातनं. मग पिलात कशी जाईल? थोडी नाळेतून, आणि जन्मल्यावर पुष्कळ, दुधातून. मृणालनं काही लपवलं नाही. आईनं जन्मभर साठवलेलं पहिल्या पोराला जास्त जातं, तेही सांगितलं.

सुगंधानं बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी बी तीच मासली खाते. ह्यो बी पयलाच हाय."

तिनं बाळाकडे पाहिलं, मग स्वतःकडे.

"माज्यात पण असंल?"

"असेल," मृणाल म्हणाली. "माझ्यातही असेल. या मामातही."

"मग पाजू का नको?"

तीन वर्षांचं काम एका बाजूला वाहून चाललं होतं, पाणी चढत होतं, आणि मी बघत होतो की ही मुलगी आता काय उत्तर देते. घाबरवलं असतं तर कदाचित म्हातारी वाकली असती. मृणाल तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पाज. बिनघोर पाज. आईच्या दुधाची सर कशालाच नाही, हे त्यातलं विष मोजणारी मी सांगतेय. फक्त ती पावडर जवळ्यावर टाकू नकोस. घरात ठेवू नकोस."

सुगंधा मग सासूकडे वळली.

"आये, काढू दे तिला पोर. ते नाय सांगणार तर कोन सांगंल?"

जनाआजी गादीजवळ बसली. तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटली, बहुधा माफी मागितली. मग मृणालला जवळ बोलावलं.

"एक कबूल कर, गो पोरी. काय गावलं ते आधी आमाला सांगायचं. सायबाला नाय, पेपरात नाय. आधी आमाला."

मृणालनं कबूल केलं. पेपरात नाय म्हणताना आजीनं माझ्याकडे पाहिलं होतं, म्हणून मीही केलं.

पुढचा अर्धा तास मी वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री धरून उभा होतो, पावडर उडू नये म्हणून. ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या महादूनं गादीचं अंग पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतलं आणि मृणालनं सांगितलं तसं धरून ठेवलं. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नव्हता.

पिल्लू बाहेर आलं. शेपटीचे पंख घडी घातलेले, बाजूचे पर मऊ, अंगावर आडव्या घड्या पडलेल्या. इतके दिवस दुमडून झोपल्याच्या खुणा. डोळे मिटलेले. मागच्या बायकांमधून एक सुस्कारा आला. जनाआजी वाकली आणि तिनं त्याच्या चोचीवर बोट ठेवलं. वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना मोजके केस होते, बारीक, मांजराच्या मिशीसारखे.

"केस हायत," ती म्हणाली.

मृणालनं सांगितलं की जन्मल्यावर ते गळून जातात. त्यांचे पूर्वज जमिनीवर चालायचे, त्याची एवढीच आठवण उरली आहे. म्हातारीनं ते ऐकलं आणि बोट तिथून उचललं नाही. मीही वाकून पाहिलं. ज्याच्या वाट्याला एकही लाट आली नव्हती त्याच्या ओठावर जमिनीची आठवण होती, आणि चरबीत आमची. मी ताडपत्री पुन्हा घट्ट धरली.

चरबीचा तुकडा काचेच्या बरणीत गेला. मानेतली ग्रंथी फॉर्मलिनमध्ये. पेटीत बर्फ, वर झाकण. मग पिल्लू परत आईच्या कुशीत ठेवलं, महादूनं आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात, जनाआजीनं वर खण पसरला. शेवटचं फावडं पडलं तेव्हा पाणी तिथून चार हातांवर होतं.

तिसऱ्या दिवशी मृणाल पेटी घेऊन मुंबईला गेली. गाडीत बसताना तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, क्षणभर, आणि म्हणाली की मामा, पोथी भारी होती. मी एक दिवस एकटाच पेणमध्ये राहिलो. बाजारातून पोह्याचे पापड आणि मिरगुंड घेतलं, जे तुम्हीही घ्या. दुकानदार चव घ्यायला कच्चा पापड देतो, नको म्हणू नका. चौथ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली. घरी आल्यावर बायकोनं पिशव्या आणि मला, दोन्हींना बाहेरच थांबवलं आणि आंघोळीचं पाणी तापवलं. माझ्या अंगाला खाडीचा वास येत होता म्हणे. मला तो आवडायला लागला होता.

काय उरलं, असं विचाराल तर एक भीती आणि एक आश्चर्य, आणि दोन्ही एकाच गोष्टीची. आईच्या अंगातून पोराच्या अंगात काय काय जातं, त्याला तळ नाही.

मार्चच्या शेवटी मृणालचं पाकीट आलं. इंग्रजीत तीन पानं आणि एक आलेख. सोबत चिठ्ठी : विषय बदलावा लागणार नाही. पण आजींना आधी सांगायचं कबूल केलंय. सरांना हे अजून दाखवलं नाही. मराठीत नीट लिहिता येईना. तू लिही.

पहिला मसुदा मी दोन पानांचा केला. त्यात अविघटनशील होतं, अंतःस्रावी होतं, अर्थातच संप्रेरकं होती. बायकोला वाचून दाखवला. तिनं विचारलं, हे कुठल्या मठाला पाठवायचंय? चौथा मसुदा अंतर्देशीय पत्रात मावला. तो आधी गावात पोचला, मग मृणालच्या सरांपर्यंत तिचे कागद गेले, आणि सगळ्यांत शेवटी हे तुमच्यासमोर येतंय :

"सुगंधाताई, हे आजींना वाचून दाखवावं. त्या दिवशीच्या पिलात पावडर निघाली. महादूनं टाकलेली नव्हे. आईच्या अंगातून, नाळेतून आलेली. आईनं ती कोणा एकाकडून घेतली नव्हती; आपण सगळ्यांनी थोडी थोडी खाडीत सोडलेली. पिलात होती ती थोडीच. दूध पिऊन मोठं झालं असतं तर पुष्कळ झाली असती. मानेतल्या गाठीला काही अपाय झाला होता का, ते एका पिलावरून सांगता येत नाही. कळलं तर तेही आधी तुम्हाला कळवू. महादूनं मनाला लावून घेऊ नये. त्यानं पोट धुऊन धरलं नसतं तर यातलं काहीच कळलं नसतं. बाळाला पाजत राहा, असं मृणालनं पुन्हा सांगितलंय."

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. सुगंधा सातवीपर्यंत शिकली आहे. अक्षर मोठं आणि सरळ.

"पत्र पोचलं. आयेला तीनदा वाचून दाखवलं. मग शेजारचे घेऊन गेले ते अजून फिरतंय. ह्या खेपेला जवळा पावडर न मारता सुकवला. माश्या लय. मी नि आये पाळीपाळीनं बसून हाकलतो, हे पण कामावरून आले की बसतात. बाळ पितो. दोन दात आले. चावतो."